चाचणी लिहिण्याआधी, चाचणी करून घेण्याआधी

निदानवाट (धागाकर्ता)

हा धागा डॉक्टर आणि रुग्ण, दोघांसाठी. गरज नसलेली तपासणी कशी टाळायची आणि गरज असलेली राहून कशी जाऊ द्यायची नाही, एवढंच बोलायचं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या नाहीत तर "तपासण्या सगळ्या पैशासाठीच असतात" असा सोपा आणि घातक निष्कर्ष निघतो.

प्रत्येक तपासणीच्या कागदावर मनातल्या मनात एक प्रश्न लिहावा : रिपोर्ट नॉर्मल आला तर काय करणार, आणि बिघडलेला आला तर काय करणार? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर ती तपासणी आज करायची नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेत एबीआयएम फाउंडेशन या डॉक्टरांच्या संस्थेने "चूझिंग वाइजली" ही मोहीम सुरू केली. तिची युक्ती साधी होती. प्रत्येक शाखेच्या तज्ज्ञ संघटनेने आपल्याच शाखेतल्या, सर्रास होणाऱ्या पण फायदा न देणाऱ्या पाच गोष्टी स्वतः जाहीर करायच्या. बाहेरच्या कुणी बोट दाखवायचं नाही. २०१४ मध्ये कॅनडाने ती उचलली. आपल्याकडे कर्करोगाच्या उपचारांसाठी नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याच्या पुढाकाराने अशा दहा गोष्टींची यादी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. रोजच्या ओपीडीत मात्र हा विचार अजून पुरेसा उतरलेला नाही.

सुरुवात "फुल बॉडी चेकअप"पासून करू. लॅबची नॉर्मल मर्यादा बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे निरोगी असूनही ५ टक्के लोक बाहेर पडणार, हे त्या मर्यादेतच धरलेलं आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर धडधाकट माणसाचा निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. ४० केल्या तर ८७ टक्के. प्रत्यक्षात पॅकेजमधल्या बऱ्याच चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. पण "सगळं हिरवं" हा निकाल दुर्मीळच राहतो. मग त्या एका लाल आकड्यासाठी पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग सीटी.

---

काचपट्टी (पॅथॉलॉजी)

वरच्या गणिताला दुसरी बाजू जोडते. आजार हजारात एकाला आहे आणि चाचणी ९५ टक्के अचूक आहे, असं धरा. हजार जणांना तपासलं की खरा रुग्ण एक सापडेल आणि निरोगी असून पॉझिटिव्ह आलेले साधारण ५० निघतील. तीच चाचणी लक्षणं असलेल्या, जिथे दर चौघांत एकाला आजार असण्याची शक्यता आहे अशा गटात केली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेक खरे निघतील. चाचणी तीच, किंमत तीच, अर्थ पूर्ण वेगळा.

पॅकेजमध्ये घातलेल्या कॅन्सर मार्करचं, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या सीए-१२५, सीईए अशा पदार्थांचं, हेच होतं. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉईडमध्ये, गरोदरपणात आणि पोटाच्या टीबीतही वाढतं. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेलं असू शकतं. निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवायला हे मार्कर उपयोगी आहेत. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला नाहीत.

रक्त काढल्यापासून मशीनपर्यंतच्या वाटेत काय बिघडतं, तेही माहीत असावं :

दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवला आणि मूठ सारखी उघड-मीट करायला लावली, तर पोटॅशियम खोटं वाढतं. घरून घेतलेला नमुना सीरम वेगळं न करता तासन् तास पिशवीत फिरला तर पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते आणि पोटॅशियम चढतं. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइड नळी असते.

लोह कमी असलेल्या ॲनिमियात एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खोटं जास्त येऊ शकतं. रक्त फुटण्याच्या आजारांत खोटं कमी. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया इतका आहे की काठावरच्या एचबीए१सीवर "प्रीडायबेटिस"चा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन पाहायलाच हवं.

टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) ५ ते १० च्या दरम्यान आलं, लक्षणं नाहीत, गरोदरपण नाही, तर लगेच गोळी नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की त्यातले बरेच आपोआप नॉर्मल आलेले दिसतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा, थायरॉईडचे आकडे त्याने फिरतात.

व्हिटॅमिन डी : निरोगी प्रौढांत सरसकट मोजू नये, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

---

घरचाअंगण

एक सरळ प्रश्न. पावसाळ्यात ताप आला की पहिल्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), विडाल (टायफॉईडसाठीची), डेंग्यू, मलेरिया, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी) असा संच लिहून मिळतो. यातलं नक्की काय आणि कधी करायचं?

---

तालुका_ओपीडी (जनरल प्रॅक्टिस)

या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त चुकीची प्रतिजैविकं इथेच वाया जातात.

तापाचा दिवस कितवा, हे चाचणीपेक्षा आधी विचारायचं.

पहिला-दुसरा दिवस. माणूस खातोपितो आहे, लघवी होते आहे, दम नाही, गुंगी नाही, तर पॅरासिटामॉल, पाणी आणि वाट पाहणं. अपवाद मलेरियाचा. जिथे मलेरिया आहे किंवा रुग्ण तिथून आला आहे, तिथे पहिल्या दिवशीच रक्ताची काच (थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) किंवा रॅपिड कार्ड करावं. निगेटिव्ह आलं आणि थंडी-ताप चालूच राहिला तर पुन्हा करावं.

डेंग्यू. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), शक्यतो एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने. पाच दिवसांनंतर आयजीएम (विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी). आठव्या दिवशी एनएस१ करून "डेंग्यू नाही" म्हणणं चूक. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह सांगणंही तितकंच चूक. सीबीसी साधारण तिसऱ्या दिवसापासून उपयोगाचं.

लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या जंतूचा ताप). साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल, पोटऱ्या दाबल्यावर दुखत असतील, डोळे लाल असतील, तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. मुंबई आणि कोकणात हे ऑगस्टमध्ये विसरून चालत नाही.

आता विडाल. ही चाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. ती तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत विडाल करण्याला काहीच अर्थ नाही. त्यात आपल्याकडे आधी होऊन गेलेला टायफॉईड, लस आणि इतर जंतूंशी साम्य यांमुळे निरोगी माणसातही १:८० सारखे आकडे दिसतात. खरा अर्थ लावायचा तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चौपट वाढला का, ते पाहावं लागतं. तोवर रुग्ण बरा झालेला असतो. म्हणजे एकट्या विडालवर "टायफॉईड" लिहून सात दिवस सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक चढवणं हा अंदाजच आहे, फक्त छापील कागदावरचा.

टायफॉईडची शंका असेल तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं. प्रौढासाठी दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिली रक्त, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी. कल्चर "निगेटिव्ह येतं" अशी तक्रार असते. त्याची नेहमीची कारणं म्हणजे दोन मिली रक्त घातलेलं असतं, किंवा मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या दोन दिवस पोटात गेलेल्या असतात.

---

माळरान_डॉक्टर

तालुका_ओपीडी, सगळं मान्य, पण कल्चरची सोय तालुक्याला नसते. बाटली जिल्ह्याला जाणार, रिपोर्ट तीन ते पाच दिवसांनी येणार. तोवर रुग्णाला काय सांगायचं? आणि विडाल लिहिली नाही तर नातेवाईक म्हणतात डॉक्टरने काही तपासलंच नाही. ते शेजारच्या दवाखान्यात जातात आणि तिथे ती होतेच.

---

तालुका_ओपीडी

तुमची अडचण खरी आहे. पाच-सहा दिवस चढत जाणारा ताप, पांढरी जीभ, पोटाच्या तक्रारी, मलेरिया आणि डेंग्यू निगेटिव्ह, असं चित्र असेल तर कल्चरचं रक्त काढा आणि त्याच वेळी उपचार सुरू करा. रिपोर्ट तुम्हाला औषध बदलायचं का हे सांगायला येतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानालाच ठेवून लवकरात लवकर पाठवायची. ही चूक फार होते.

नातेवाइकांसाठी उपाय एकच सापडतो : चिठ्ठीवर लिहून द्या. "ताप दिवस दुसरा. आज रक्ताची गरज नाही. चौथ्या दिवशीही ताप असेल तर सीबीसी आणि एनएस१. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी या : पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गुंगी, सहा तास लघवी नाही." काही केलं नाही, असं या कागदाकडे पाहून कुणी म्हणत नाही. रुग्णाला घरी काय पाहायचं ते कळतं आणि डॉक्टरची नोंदही राहते. उद्या तक्रार झाली तर विडालच्या रिपोर्टपेक्षा हीच नोंद जास्त कामाची.

---

काचपट्टी

डेंग्यूच्या प्लेटलेटवर थोडं. दिवसातून दोनदा प्लेटलेट मोजून घरच्यांची झोप उडते आणि निर्णय बहुधा काहीच बदलत नाही. घरी असलेल्या रुग्णाला दिवसातून एकदा पुरेसं. पाहायचं ते हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत) : ते मूळ पातळीच्या २० टक्के वाढलं तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आहे, आणि खरा धोका तोच आहे. हा काळ ताप उतरताना येतो, म्हणून "ताप गेला, आता बरं आहे" म्हणून सैल पडू नये.

रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या खाली जाईपर्यंत साधारणपणे चढवायची गरज नसते. ४०,००० ला घाबरून रक्तपेढ्या धुंडाळणं टाळा.

आणि आकडा अचानक, लक्षणांशी न जुळणारा खाली आला तर आधी काच पाहायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या मोजत नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा घेऊन आलेला आकडा १.१ ने गुणायचा, की खरा आकडा मिळतो.

---

क्ष_किरण (रेडिऑलॉजी)

कंबरदुखीचा एमआरआय या धाग्यात हवाच.

काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. चकती फुगलेली, म्हणजे "बल्ज", विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. या सगळ्यांना कंबरदुखी नव्हती. त्यामुळे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टात "एल४-एल५ डिस्क बल्ज" लिहिलेलं असणं हे केस पिकल्यासारखं आहे. तो शब्द वाचून माणूस वाकायला घाबरतो, हालचाल कमी करतो, आणि दुखणं लांबतं.

साध्या कंबरदुखीत सहा आठवडे फोटो नको, एमआरआय नको. पण पुढचं काही असेल तर एक दिवसही थांबू नका : लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं, ताप, वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतरचं दुखणं, बरेच दिवस स्टेरॉईड चालू असणं. आपल्याकडे मणक्याच्या टीबीची आठवण ठेवावी लागते. रात्री वाढणारं दुखणं आणि संध्याकाळची कणकण असेल तर एमआरआय लवकरच हवा. परदेशी मार्गदर्शिका जशाच्या तशा वापरल्या तर हे निसटतं.

ओपीडीत दोन मिनिटांची तपासणी पुष्कळ सांगते. टाचांवर चालता येत नसेल तर एल५ ची नस पाहा, चवड्यांवर चालता येत नसेल तर एस१.

सीटीबद्दल एवढंच, की पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला मिळतो तो २.४ च्या आसपास. गरज असेल तर बिनदिक्कत करावा. "एकदा बघून घेऊ" म्हणून लहान मुलाचा तर मुळीच नको.

---

घरचाअंगण

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो, ईसीजी, रक्ताच्या दहा तपासण्या सांगतात. त्या लागतात का?

---

निदानवाट

सरसकट नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या १९,००० हून जास्त मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासण्या केलेला गट आणि न केलेला गट, दोन्हींत गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच निघालं. डोळ्याभोवतीची भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियेला नीट घेतलेली माहिती, बीपी आणि मधुमेह असेल तर साखर पुरते. नवी लक्षणं असतील, छातीत दुखणं, चालताना दम, तर ईसीजी त्या लक्षणासाठी करायचा.

---

स्पंदन (हृदयरोग)

अँजिओग्राफीच्या टेबलावर "ब्लॉक आहे, लगेच स्टेंट टाकून घ्यायचा का" हे नातेवाइकांना काचेतून विचारलं जातं. तिथे विचार करायला वेळ नसतो, म्हणून फरक आधीच समजून ठेवा.

हार्ट ॲटॅक चालू असेल तर अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. तिथे दुसरं मत घेत बसू नये. स्थिर अंजायनाचं वेगळं आहे, म्हणजे ठरावीक श्रमाला छाती भरते आणि थांबलं की उतरते. २००७ चा करेज आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, ५,००० हून जास्त रुग्णांचा इस्केमिया, या दोन्ही अभ्यासांत चांगल्या औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. वारंवार छाती दुखणाऱ्यांना मात्र त्रास कमी झाला, आणि तो फायदा खरा आहे. डाव्या मुख्य धमनीतला मोठा ब्लॉक किंवा हृदयाची कमजोर झालेली पंपिंग यांना हे लागू नाही.

म्हणून स्थिर रुग्णाने अँजिओग्राफीच्या संमतिपत्रावर सही करण्याआधीच सांगावं : "आज फक्त अँजिओग्राफी. सीडी आणि रिपोर्ट द्या, पुढचं बसून ठरवू."

---

सूतिकागृह (स्त्रीरोग)

महाराष्ट्रात हा धागा गर्भपिशवीशिवाय पुरा होऊ शकत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांबाबत राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातलं देशाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. फडावर पाळीच्या दिवसांत संडास नाही, पाणी नाही, एक दिवस खाडा केला तर उचलीतून पैसे कापले जातात. त्यात "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं कुणी सांगितलं की बाई ऑपरेशनला तयार होते. वैद्यकीय निर्णय म्हणून याकडे पाहताना हा सगळा दाब दिसला पाहिजे.

कोणत्या शब्दांवर पिशवी काढली जाते आणि त्या शब्दांचा अर्थ काय, ते लिहिते.

"पिशवीच्या तोंडाला जखम" : बहुतेक वेळा ती जखम नसतेच. आतली लालसर त्वचा तोंडाशी दिसते, तरुण वयात आणि बाळंतपणानंतर ते स्वाभाविक आहे. पॅप किंवा एचपीव्ही (गर्भमुखाच्या कॅन्सरसाठीची) तपासणी करावी, नॉर्मल असेल तर सोडून द्यावं.

"पांढरं जातं" : संसर्ग असेल तर गोळ्यांनी बरा होतो. नवऱ्यालाही उपचार लागू शकतात, ते राहिले तर त्रास परत येतो आणि मग पिशवीला दोष लागतो.

"अस्तर जाड आहे" : पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याच्या शेवटी १५ मिमीपर्यंतही जाड दिसू शकतं. सोनोग्राफी पाळीच्या चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास करा. पाळी कायमची गेल्यानंतर रक्त गेलं आणि अस्तर ४ मिमीपेक्षा जास्त असेल, तर मात्र अस्तराचा तुकडा तपासलाच पाहिजे. तिथे हयगय नको.

"अंडाशयावर गाठ" : पाळी चालू आहे, गाठ साधी पाण्याची आणि ५ सेंमीपेक्षा लहान, तर ती बहुधा दोन-तीन पाळ्यांत जिरते.

जास्त रक्त जात असेल तर क्रम असा : गरोदरपण नाही याची खात्री, हिमोग्लोबिन, थायरॉईडची लक्षणं असतील तर टीएसएच, सोनोग्राफी, आणि वय ४० - ४५ च्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडा. मग औषधं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत, १ ग्रॅम दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. आधी रक्ताच्या गुठळीचा आजार झालेल्यांना नाही. मेफेनॅमिक ॲसिड. लखनौच्या सीडीआरआयमध्ये शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफेन. आणि ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोन असलेली तांबी. ही तांबी अनेक बायका दुसऱ्या महिन्यात काढून टाकतात, कारण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतो. हे बसवतानाच सांगितलं नाही तर उपचार फसल्यासारखा वाटतो आणि पुढची पायरी ऑपरेशन ठरते.

पिशवी काढायची वेळ खरोखर येतेही : कॅन्सर, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठे फायब्रॉईड, खाली उतरलेली पिशवी. तेव्हा अंडाशय काढणार की ठेवणार, हा वेगळा प्रश्न विचारा. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

---

घरचाअंगण

ताई, "पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून आताच काढून टाका" असं सांगितलं तर?

---

सूतिकागृह

तर कुठला कॅन्सर, आणि तपासणीत काय सापडलं, हे दोन प्रश्न विचारायचे. गर्भमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही चाचणी किंवा पॅप आहे, लस आहे. अस्तराच्या कॅन्सरसाठी तुकड्याचा रिपोर्ट आहे. रिपोर्टाशिवाय भीती घालून पिशवी काढणं कोणत्याही मार्गदर्शिकेत बसत नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं.

---

माळरान_डॉक्टर

दुसरं मत घ्यायला पेशंटला कागदच मिळत नाहीत, ही नेहमीची अडचण. त्याचं काय?

---

निदानवाट

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत कलम १.३.२ आहे : रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केली की ७२ तासांत नोंदी द्यायच्या. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि पोच घ्या. याच संहितेचं कलम ६.४ रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला मनाई करतं, म्हणजे ज्याला आपण "कट" म्हणतो त्याला.

अर्जात "सर्व कागदपत्रं" असं मोघम लिहू नका. केसपेपर, सोनोग्राफीच्या फिल्म, एमआरआयची किंवा अँजिओग्राफीची सीडी, ऑपरेशनची टिपणं, हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट, अशी एकेक वस्तू नावाने लिहा. ऑपरेशन झालं असेल तर त्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचाही मागा. रिपोर्टाबद्दल शंका आली तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला नुसता कागद पुरत नाही, काच पाहावी लागते.

---

काचपट्टी

ब्लॉक नेताना उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. काचा खोक्यात उभ्या ठेवा आणि डबीवर लॅबचा नमुना क्रमांक रिपोर्टाशी जुळतो का, ते तिथेच काउंटरवर पाहून घ्या.